एव्हान्जेलिस्ता तोरिचेल्ली

एव्हान्जेलिस्ता तोरिचेल्ली (१५ ऑक्टोबर १६०८ – २५ ऑक्टोबर १६४७) हे इटालियन भौतिकशास्त्रज्ञ व गणितज्ञ होते. मराठी पुस्तकांत त्यांचे नाव टॉरिसेली असेही लिहिले जाते. वायुदाबमापकाचे जनक म्हणून ते प्रसिद्ध आहेत. भांड्याच्या छिद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्याचा वेग किती असतो हे सांगणारा द्रवगतिशास्त्रातील नियमही त्यांच्याच नावाने ओळखला जातो. हा नियम आणि वायुदाबाच्या प्रयोगाचे वर्णन या दोन्ही गोष्टी १६४४ साली पुढे आल्या. पहिली छापील ग्रंथातून, तर दुसरी खाजगी पत्रांतून. द्रव भांड्यातून बाहेर का वाहतो आणि काही वेळा बाहेर का पडत नाही, या एकाच प्रश्नाच्या त्या दोन बाजू आहेत. गॅलिलिओ यांच्या अखेरच्या तीन महिन्यांत तोरिचेल्ली त्यांच्या सोबत होते आणि पुढे फ्लॉरेन्सच्या दरबारी गणितज्ञाच्या पदावर त्यांचे उत्तराधिकारी झाले.

## सुरुवातीचे जीवन व शिक्षण

तोरिचेल्ली यांचा जन्म १५ ऑक्टोबर १६०८ रोजी झाला. त्यांचे घराणे त्या काळी पोपच्या राज्यात मोडणाऱ्या फाएन्झा या गावचे होते. त्यामुळे पूर्वीच्या चरित्रांत फाएन्झा हेच त्यांचे जन्मस्थान दिलेले आढळते. नंतर उजेडात आलेल्या कागदपत्रांच्या आधारे त्यांचा जन्म रोम येथे झाल्याचे मानले जाते. वडील गास्पारे हे कापडाच्या धंद्यातील साधे कामगार होते व घरची परिस्थिती बेताची होती. मुलाची हुशारी पाहून आईवडिलांनी त्याला फाएन्झा येथे त्याचे काका जाकोपो यांच्याकडे ठेवले. हे काका कामाल्दोली पंथाचे मठवासी होते. त्यांच्या देखरेखीखाली प्राथमिक शिक्षण झाल्यावर तोरिचेल्ली यांनी जेझुइट पाद्रींच्या विद्यालयात गणित व तत्त्वज्ञान यांचे अध्ययन केले.

त्यानंतर काकांनी त्यांना रोम येथे बेनेदेत्तो कास्तेल्ली यांच्याकडे पाठविले. बेनेडिक्टीन मठवासी असलेले कास्तेल्ली हे गॅलिलिओ यांचे शिष्य व सापिएन्झा विद्यापीठात गणिताचे प्राध्यापक होते. नद्या, कालवे व पाटबंधारे यांच्या अभ्यासात त्यांचा मोठा अधिकार होता. वाहत्या पाण्याच्या मापनावरील त्यांचा ग्रंथ १६२८ साली प्रसिद्ध झाला. प्रवाहाचे पात्र अरुंद असेल तेथे पाण्याचा वेग वाढतो आणि रुंद असेल तेथे तो कमी होतो, हे तत्त्व त्यात मांडले होते. तोरिचेल्ली यांनी कास्तेल्ली यांचे विद्यार्थी म्हणून व पुढे सचिव म्हणून काम केले. पाण्याच्या गतीविषयीचे त्यांचे पुढील चिंतन याच सहवासात रुजले.

## गॅलिलिओ यांच्यावरील खटल्याचा काळ

सप्टेंबर १६३२ मध्ये कास्तेल्ली रोमबाहेर असताना गॅलिलिओ यांच्याकडून आलेल्या पत्राला उत्तर देण्याचे काम तोरिचेल्ली यांच्याकडे आले. विश्वाच्या दोन प्रमुख व्यवस्थांविषयीचा गॅलिलिओ यांचा संवादग्रंथ त्याच वर्षी प्रसिद्ध झाला होता. तोरिचेल्ली यांनी उत्तरात स्वतःचा परिचय करून दिला, हा ग्रंथ बारकाईने अभ्यासल्याचे कळविले आणि आपण कोपर्निकसच्या मताचे व गॅलिलिओपंथी असल्याचे स्पष्टपणे लिहिले. पुढच्याच वर्षी धर्मन्यायालयाने गॅलिलिओ यांना दोषी ठरवून नजरकैदेत ठेवले. सूर्य स्थिर असून पृथ्वी फिरते हे मत उघडपणे मांडणे आता धोक्याचे झाले होते. यानंतर तोरिचेल्ली यांनी खगोलशास्त्रीय वादांपासून अंतर राखले व भूमिती आणि गतिशास्त्र यांवर लक्ष केंद्रित केले.

पुढील काही वर्षे ते जोव्हान्नी चाम्पोली यांचे सचिव असावेत, असे मानले जाते. चाम्पोली हे गॅलिलिओ यांचे मित्र होते. पोपच्या दरबारातील मोठे पद गमावल्यावर त्यांना रोमपासून दूरच्या लहान गावांचा कारभार पाहण्यासाठी पाठविण्यात आले होते. या काळात तोरिचेल्ली यांनी आर्किमिडीज व अपोलोनियस यांच्या ग्रंथांचा तसेच गॅलिलिओ यांनी १६३८ साली प्रसिद्ध केलेल्या दोन नव्या शास्त्रांवरील ग्रंथाचा सखोल अभ्यास केला. या अभ्यासातून जड पदार्थांच्या गतीवरील त्यांचा स्वतंत्र प्रबंध आकारास आला.

१६४१ साली कास्तेल्ली यांनी या प्रबंधाचे हस्तलिखित आर्चेत्री येथे गॅलिलिओ यांना दाखविले व तोरिचेल्ली यांना मदतनीस म्हणून बोलावून घेण्याची सूचना केली. गॅलिलिओ तेव्हा दृष्टिहीन झाले होते. ऑक्टोबर १६४१ मध्ये तोरिचेल्ली आर्चेत्रीला पोहोचले. व्हिन्चेन्झो व्हिव्हियानी हे तरुण शिष्य तेथे आधीपासूनच राहत होते. यूक्लिडच्या प्रमाणसिद्धांतावरील एक प्रकरण गॅलिलिओ यांनी तोरिचेल्ली यांना सांगून लिहून घेतले. ८ जानेवारी १६४२ रोजी गॅलिलिओ यांचा मृत्यू झाला. तोरिचेल्ली रोमला परतण्याच्या विचारात असतानाच तोस्कानाचे ग्रँड ड्यूक फेर्दिनान्दो दुसरे यांनी त्यांची आपल्या दरबारी गणितज्ञपदी नेमणूक केली. गॅलिलिओ यांना दिलेला दरबारी तत्त्वज्ञ हा किताब मात्र त्यांना देण्यात आला नाही.

## पाण्याच्या बहिर्वाहाचा नियम

तोरिचेल्ली यांच्या हयातीत छापला गेलेला त्यांचा एकमेव मोठा ग्रंथ म्हणजे ओपेरा जेओमेत्रिका. तो १६४४ साली फ्लॉरेन्स येथे प्रसिद्ध झाला. त्याच्या गतिशास्त्रावरील भागात पाण्याच्या गतीवर एक छोटे प्रकरण आहे. भांड्याच्या छिद्रातून बाहेर पडणारे पाणी हे पाण्याच्या पृष्ठभागापासून छिद्रापर्यंत मुक्तपणे पडणाऱ्या पदार्थाइतकाच वेग धारण करते, हे त्यातील मध्यवर्ती प्रतिपादन होय. आजच्या परिभाषेत, बहिर्वाहाच्या वेगाचा वर्ग हा गुरुत्वत्वरण व छिद्रावरील पाण्याची उंची यांच्या गुणाकाराच्या दुप्पट असतो.

या नियमानुसार वेग उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. छिद्रावर २५ सेंमी पाणी असल्यास वेग सेकंदाला सुमारे २.२ मीटर असतो. उंची चौपट करून १ मीटर केल्यास तो केवळ दुप्पट, म्हणजे सुमारे ४.४ मीटर होतो. कास्तेल्ली यांनी वेग उंचीच्या सम प्रमाणात मानला होता. शिष्याने गुरूचे हे गृहीत दुरुस्त केले. पडणाऱ्या दगडाचा नियम वाहत्या पाण्यालाही लागू होतो, हे दाखवून त्यांनी गॅलिलिओ यांचे गतिशास्त्र द्रवांच्या क्षेत्रात नेले.

नियमाच्या पुष्टीसाठी तोरिचेल्ली यांनी कारंज्याचा आधार घेतला. छिद्राचे तोंड वरच्या दिशेला केल्यास उसळणारी धार जवळजवळ भांड्यातील पाण्याच्या पातळीपर्यंत पोहोचते. ती थोडी कमी पडते याचे कारण हवेचा अडथळा आणि वरून परत पडणाऱ्या थेंबांचा भार हे होय, असे त्यांनी स्पष्ट केले. आडव्या छिद्रातून निघणारी धार प्रक्षेपित वस्तूप्रमाणे अन्वस्त वक्राने खाली येते. भांडे जमिनीवर ठेवलेले असेल, तर सर्वांत दूर पडणारी धार ही पाण्याच्या निम्म्या उंचीवरील छिद्रातून निघते, असा निष्कर्ष या नियमातून मिळतो. सर्वांत खालच्या छिद्रातून पाणी अधिक वेगाने बाहेर पडते, पण जमिनीवर आदळण्यापूर्वी त्याला पुरेसा अवधी मिळत नाही. काही चित्रांत सर्वांत खालची धार सर्वांत दूर पडताना दाखविलेली असते. अशा मांडणीत ते बरोबर नाही.

प्रत्यक्षात तीक्ष्ण कडेच्या छिद्राबाहेर धार आकुंचन पावते. त्यामुळे बाहेर पडणारे एकूण पाणी हे छिद्राचे क्षेत्रफळ व वेग यांच्या गुणाकाराच्या सुमारे ६० टक्क्यांइतकेच भरते. या आकुंचनाचा विचार न्यूटन यांनी आपल्या प्रिन्सिपियाच्या १७१३ च्या आवृत्तीत केला. डॅनिएल बर्नुली यांनी १७३८ साली प्रसिद्ध केलेल्या द्रवगतिशास्त्रावरील ग्रंथात हा नियम अधिक व्यापक तत्त्वाचा एक विशेष प्रकार म्हणून मांडला गेला.

## पोकळीचा प्रश्न

भांड्याला छिद्र असूनही काही वेळा पाणी बाहेर पडत नाही, हे प्राचीन काळापासून ठाऊक होते. ग्रीसमध्ये क्लेप्सिड्रा नावाचे एक पात्र वापरात होते. त्याच्या तळाला बारीक छिद्रे व वर अरुंद मान असे. पात्र पाण्यात बुडवून मानेवर बोट दाबून धरल्यास ते उचलल्यावरही पाणी आत राहते आणि बोट काढताच गळू लागते. इसवी सन पूर्व पाचव्या शतकातील एम्पेडोक्लीज यांनी या पात्राचा उल्लेख केला आहे. निसर्गात पोकळी असूच शकत नाही, असे अॅरिस्टॉटलचे मत होते. मध्ययुगीन विद्वानांनी त्यावरून निसर्गाला पोकळीचा तिटकारा असल्याचे तत्त्व मांडले. पाणी खाली पडले तर मागे पोकळी राहील, म्हणून ते पडत नाही, अशी त्यांची उपपत्ती होती.

सतराव्या शतकात या उपपत्तीला व्यवहारातील एका अडचणीने आव्हान दिले. शोषक पंपाने पाणी सुमारे १८ ब्राच्चा, म्हणजे साडेदहा मीटरांपलीकडे चढत नसे. ब्राच्चा हे हाताच्या लांबीवर आधारित तत्कालीन इटालियन माप होते. १६३० साली जेनोव्हा येथील जोव्हान्नी बात्तिस्ता बालियानी यांनी सुमारे २१ मीटर उंच टेकडीवरून पाणी नेण्यासाठी टाकलेली सायफन नळी काम करीत नसल्याचे गॅलिलिओ यांना कळविले. हवेचे वजन हे याचे कारण असावे, अशी कल्पनाही बालियानी यांनी त्याच वर्षी मांडली. गॅलिलिओ यांनी ती स्वीकारली नाही. त्यांच्या मते दोर जसा स्वतःच्या वजनाने तुटतो, तसा पाण्याचा स्तंभ ठरावीक उंचीनंतर तुटत असे. हवेला वजन असते हे गॅलिलिओ यांनी स्वतः मोजून दाखविले होते. तरीही पंपाच्या कोड्याशी त्या वजनाचा संबंध त्यांनी जोडला नाही.

१६४० च्या सुमारास रोममध्ये गास्पारो बेर्ती यांनी दहा मीटरांहून अधिक लांबीची शिशाची नळी उभी करून ती पाण्याने भरली. वरचे टोक बंद करून पाण्यात बुडविलेले खालचे टोक उघडल्यावर थोडे पाणी बाहेर पडले व उरलेला स्तंभ सुमारे १८ ब्राच्चा उंचीवर स्थिर राहिला. वरच्या रिकाम्या जागेत काय आहे, यावर उपस्थित विद्वानांत वाद झाला. या प्रयोगाची माहिती राफाएल्लो माजोत्ती यांच्यामार्फत तोरिचेल्ली यांच्यापर्यंत पोहोचली.

## पाऱ्याचा प्रयोग

पाण्याचा दहा मीटर उंच स्तंभ हाताळणे कठीण होते. पारा पाण्यापेक्षा सुमारे साडेतेरा पट जड असल्यामुळे त्याचा स्तंभ तितक्या पटीने आखूड असावा, असा तर्क तोरिचेल्ली यांनी केला. त्यानुसार सुमारे २ ब्राच्चा, म्हणजे ११७ सेंमी लांबीची, एका टोकाला बंद असलेली काचनळी घेऊन ती पाऱ्याने भरण्यात आली. उघड्या तोंडावर बोट दाबून नळी उलटी केली व तिचे तोंड पाऱ्याच्या भांड्यात बुडवून बोट काढले. नळीतील पारा काही अंतर खाली आला आणि भांड्यातील पातळीपासून सुमारे ७६ सेंमी उंचीवर थांबला. हा प्रयोग व्हिव्हियानी यांच्या हातून झाला. त्यामागील कल्पना तोरिचेल्ली यांची होती.

पाऱ्याला कोण धरून ठेवते, याचा निर्णय करण्यासाठी दोन नळ्या वापरण्यात आल्या. एक साधी होती, तर दुसरीच्या बंद टोकाला मोठा फुगा होता. वरची पोकळी पाऱ्याला ओढत असेल, तर मोठ्या फुग्यातील अधिक पोकळीने पारा अधिक उंच धरला पाहिजे. दोन्ही नळ्यांत पारा एकाच उंचीवर राहिला. त्यामुळे पाऱ्याला आधार देणारे बल आतून ओढत नसून बाहेरून ढकलत आहे, असा निष्कर्ष तोरिचेल्ली यांनी काढला.

वरची जागा खरोखर रिकामी असल्याचे त्यांनी आणखी एका युक्तीने दाखविले. भांड्यातील पाऱ्यावर पाणी ओतले आणि नळी हळूहळू वर उचलली. नळीचे तोंड पाऱ्याच्या थरातून पाण्याच्या थरात येताच नळीतील सर्व पारा खाली कोसळला आणि पाणी वेगाने वर चढून नळी टोकापर्यंत भरली. ज्या बाह्य दाबाने पाऱ्याचा ७६ सेंमी स्तंभ पेलला होता, तोच दाब पाण्याचा दहा मीटरांहून उंच स्तंभ पेलू शकत होता. म्हणून सव्वा मीटरांहून आखूड असलेली नळी पाण्याने पूर्ण भरणे स्वाभाविक होते.

११ जून १६४४ रोजी तोरिचेल्ली यांनी हा प्रयोग रोममधील आपले सहाध्यायी मिकेलान्जेलो रिच्ची यांना पत्राने कळविला. माणूस हवेच्या महासागराच्या तळाशी राहतो आणि त्या हवेला निःसंशय वजन आहे, ही कल्पना त्यांनी त्यात मांडली. केवळ पोकळी निर्माण करणे हा आपला हेतू नसून हवेतील बदल दाखविणारे उपकरण तयार करणे हा असल्याचेही त्यांनी स्पष्ट केले. पाऱ्याची उंची उष्णतेमुळेही बदलत असल्याने हा हेतू पुरता साधला नसल्याची कबुली त्यांनी दिली होती.

## रिच्ची यांचे आक्षेप

रिच्ची यांनी एका आठवड्यात तीन आक्षेप कळविले. पाऱ्याच्या भांड्यावर घट्ट झाकण बसविले, तर वरच्या हवेचे वजन झाकणावर पडेल. मग पारा खाली का येत नाही, हा पहिला आक्षेप होता. वजन खालच्या दिशेने काम करते. मग हवा पाऱ्याला वर कशी ढकलते आणि तोंड बंद केलेल्या पिचकारीचा दट्ट्या कोणत्याही दिशेने ओढला तरी सारखाच विरोध का होतो, हा दुसरा होता. तिसरा आक्षेप द्रवात बुडालेल्या पदार्थांच्या उत्प्लावनाशी संबंधित होता.

२८ जून १६४४ च्या उत्तरात तोरिचेल्ली यांनी पहिल्या आक्षेपासाठी दाबून रचलेल्या लोकरीची उपमा दिली. लोकरीच्या उंच राशीत मध्येच लोखंडी पत्रा घुसविला, तरी पत्र्याखालील लोकर पूर्वीइतकीच दाबलेली राहते. त्याचप्रमाणे झाकणाखाली कोंडलेली हवा आधीच दाबलेली असल्यामुळे ती पाऱ्यावर तितकाच दाब देत राहते. हवेचे वजन व हवेचा दाब यांतील भेद या उत्तरात स्पष्ट होतो.

दुसऱ्या आक्षेपासाठी त्यांनी एका तत्त्वज्ञाची गोष्ट सांगितली. नोकर दारूच्या पिंपाला बाजूने तोटी बसवीत होता. द्रवाचे वजन खालीच दाबते, तेव्हा आडव्या तोटीतून दारू कधीच येणार नाही, असे म्हणून तत्त्वज्ञाने त्याला दटावले. नोकराने तोटी उघडून दाखविले, की द्रवाचा कल खाली जाण्याचा असला तरी वाट मिळेल तेथे तो सर्व दिशांना, वरच्या दिशेनेही, उसळतो. पिंपातील द्रवाला लागू असलेली हीच गोष्ट तोरिचेल्ली यांनी हवेला लावली.

## हवेचा दाब व पाण्याचा बहिर्वाह

तोरिचेल्ली यांच्या बहिर्वाहाच्या नियमात हवेच्या दाबाचा उल्लेख नाही. याचे कारण त्यांच्या प्रयोगाच्या मांडणीत आहे. उघड्या भांड्यातील पाण्याच्या पृष्ठभागावर हवा जितका दाब देते, जवळजवळ तितकाच दाब ती छिद्राबाहेरून धारेवर देते. हे दोन दाब परस्परांना निष्प्रभ करतात व केवळ पाण्याच्या उंचीचा परिणाम शिल्लक राहतो. म्हणून उघड्या भांड्यातील पाणी पर्वतावर किंवा समुद्रकाठी जवळपास सारख्याच वेगाने बाहेर पडते.

पाऱ्याच्या नळीत हा समतोल नसतो. भांड्यातील पाऱ्यावर हवा दाब देते, पण नळीतील पाऱ्याच्या वर ती नसते. हवेचा दाब एकाच बाजूने काम करीत असल्यामुळे त्याचे खरे मोठेपण दिसून येते. समुद्रसपाटीला ते प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे एक किलोग्रॅम वजनाएवढे असते.

बंद भांड्यातील पाण्याचे वर्तन या दोन टोकांच्या मधले असते. पाणी व थोडी हवा असलेल्या घट्ट बंद भांड्याच्या तळाला बारीक छिद्र पाडले, तर प्रथम थोडे पाणी बाहेर पडते. त्यामुळे आतल्या हवेला अधिक जागा मिळते, ती विरळ होते व तिचा दाब घटतो. आतील हवेचा दाब आणि पाण्याच्या स्तंभाचा दाब यांची बेरीज बाहेरच्या दाबाइतकी झाली, की धार थांबते. छिद्रावर २० सेंमी पाणी असल्यास त्यासाठी आतील दाब सुमारे २ टक्के घटणे पुरेसे असते, कारण वातावरणाचा पूर्ण दाब १०.३ मीटर उंच पाण्याच्या स्तंभाएवढा असतो. छिद्र बारीक असल्यास पृष्ठताणामुळे पाण्याचा तळ फुटत नाही व हवा आत शिरत नाही. तोंड रुंद असेल, तर हवेचे बुडबुडे वर चढतात आणि बाटली उलटी केल्यावर दिसते त्याप्रमाणे पाणी बुडबुड आवाज करीत अडखळत बाहेर पडते. तेलाच्या पत्र्याच्या डब्याला समोरासमोर दोन भोके पाडण्याची पद्धत याच कारणासाठी आहे. एकातून तेल येते व दुसऱ्यातून हवा आत जाते.

याउलट, आतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षा वाढविल्यास प्रवाह अधिक वेगवान होतो. छिद्रावर १ मीटर पाणी असलेल्या टाकीतील हवेचा दाब एक वातावरणाने वाढविला, तर पाण्याची उंची ११.३ मीटर असल्यासारखा परिणाम होतो व वेग सेकंदाला ४.४ मीटरांवरून सुमारे १४.९ मीटरांवर जातो. फवारणीचे पंप याच तत्त्वावर चालतात. पाण्याची पातळी घटत असतानाही धारेचा वेग कायम ठेवणारी बाटली सतराव्या शतकातील फ्रेंच शास्त्रज्ञ एद्म मारियोत यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्या बुचातून पाण्यात उतरणाऱ्या नळीच्या खालच्या टोकाशी दाब नेहमी बाहेरच्या हवेइतका राहतो. त्यामुळे वेग वरच्या पातळीऐवजी त्या टोकाच्या उंचीवर ठरतो.

## इतर कार्य

गणितात तोरिचेल्ली यांनी कावालिएरी यांच्या अविभाज्यांच्या पद्धतीचा विस्तार केला. ही पद्धत समाकलनाची पूर्वसूरी मानली जाते. अपास्ताचा वक्र अक्षाभोवती फिरवून मिळणाऱ्या अनंत लांबीच्या घनाकृतीचे घनफळ सांत असते, हे त्यांनी सिद्ध केले. या निष्कर्षाने तत्कालीन विद्वान चकित झाले. चक्रज वक्राखालील क्षेत्रफळ त्यांनी काढले. त्याच्या श्रेयावरून फ्रेंच गणितज्ञ रोबेर्व्हाल यांच्याशी त्यांचा कडवट वाद झाला. त्रिकोणाच्या तिन्ही शिरोबिंदूंपासूनच्या अंतरांची बेरीज किमान असणाऱ्या बिंदूलाही त्यांचे नाव दिले जाते.

दुर्बिणीची भिंगे घासण्यात ते निष्णात होते. त्यांनी घडविलेले भिंग फ्लॉरेन्सच्या गॅलिलिओ संग्रहालयात जतन केलेले आहे. निरनिराळ्या प्रदेशांतील हवेच्या तापमानातील, व त्यामुळे घनतेतील, फरकातून वारे निर्माण होतात, हे त्यांनी एका व्याख्यानात प्रतिपादन केले. तोस्कानातील दलदलीच्या व्हाल दी क्याना खोऱ्यातील पाण्याचा निचरा करण्याच्या योजनेवरही त्यांनी सल्ला दिला. तेथील उतार अपुरा असल्याने केवळ चर खणून भागणार नाही. नद्यांच्या गाळाने जमिनीची पातळी उंचवावी, असे त्यांचे मत होते.

## मृत्यू

ऑक्टोबर १६४७ मध्ये तोरिचेल्ली आजारी पडले. हा आजार विषमज्वर असावा, असे मानले जाते. २५ ऑक्टोबर रोजी वयाच्या ३९ व्या वर्षी फ्लॉरेन्स येथे त्यांचे निधन झाले व सान लोरेन्झो चर्चमध्ये त्यांचे दफन झाले. आपली हस्तलिखिते त्यांनी लोदोव्हिको सेरेनाई या मित्राकडे सोपविली होती. कावालिएरी व रिच्ची यांनी ती संपादित करावी, अशी त्यांची इच्छा होती. परंतु कावालिएरी पाच आठवड्यांतच निवर्तले आणि रिच्ची यांनी हे काम स्वीकारले नाही. त्यामुळे त्यांचे बहुतेक लेखन दीर्घकाळ अप्रकाशित राहिले. त्यांच्या समग्र ग्रंथांचे प्रकाशन जीनो लोरिया व जुझेप्पे व्हासुरा यांच्या संपादनाखाली १९१९ साली सुरू झाले.

## प्रभाव

तोरिचेल्ली यांनी पाऱ्याच्या प्रयोगावर स्वतः काहीही छापले नाही. पोकळीचे अस्तित्व मान्य करणे हे विद्यापीठांत शिकविल्या जाणाऱ्या अॅरिस्टॉटलच्या तत्त्वज्ञानाला छेद देणारे होते आणि गॅलिलिओ यांना झालेली शिक्षा ताजी होती. काही इतिहासकार त्यांच्या मौनाचे कारण या परिस्थितीत शोधतात, तर काही जण चक्रजाच्या वादात ते गुंतले होते याकडे लक्ष वेधतात. रिच्ची यांच्याशी झालेला पत्रव्यवहार कार्लो दाती यांनी १६६३ साली प्रथम छापला.

तत्पूर्वीच प्रयोगाची वार्ता मारँ मेर्सेन यांच्यामार्फत फ्रान्सला पोहोचली होती. १६४६ साली ब्लेझ पास्काल यांनी रुआँ येथे तो पुन्हा करून पाहिला. हवेच्या महासागराची कल्पना खरी असेल, तर उंचावर पाऱ्याची पातळी खाली आली पाहिजे, हे पडताळण्यासाठी त्यांनी आपले मेहुणे फ्लोराँ पेरिए यांना प्वी द दोम या पर्वतावर प्रयोग करण्यास सांगितले. १९ सप्टेंबर १६४८ रोजी पर्वताच्या माथ्यावर पाऱ्याची उंची पायथ्यापेक्षा आठ सेंटिमीटरांहून अधिक कमी भरली. तोरिचेल्ली यांच्या मृत्यूला तेव्हा अकरा महिने होत आले होते. पुढे ओटो फॉन गेरिके व रॉबर्ट बॉइल यांच्या निर्वात पंपावरील प्रयोगांनी वायुदाबाचा सिद्धांत दृढ केला.

दाबाचे टॉर हे एकक तोरिचेल्ली यांच्या नावावरून आले आहे. ७६० टॉर म्हणजे एक प्रमाण वातावरणीय दाब होय. चंद्रावरील एक विवर व ७४३७ क्रमांकाचा लघुग्रह यांनाही त्यांचे नाव देण्यात आले आहे. पाऱ्याच्या नळीच्या बंद टोकाशी राहणारी पोकळी भौतिकशास्त्रात तोरिचेल्लीची पोकळी म्हणून ओळखली जाते, तर टाक्या व धरणांच्या दारांतून होणाऱ्या विसर्गाच्या गणिताचा प्रारंभ आजही त्यांच्या बहिर्वाहाच्या नियमापासून केला जातो.